घुमणाऱ्या खोलीचा बंदोबस्त

आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची सवय होती. आपण "रेणू" म्हणावं, तर ती "रेणू... णू" म्हणायची. घर बांधून इतके दिवस झाले तरी आम्हाला हे कळलं नव्हतं, कारण त्या खोलीत आम्ही कूलर, लग्नात आलेली भांडी आणि रविकिरणची व्यायामाची सायकल ठेवली होती, आणि यांपैकी कुणीच कधी काही बोलत नाही. रेणू आमची लहानगी लेक, रविकिरण म्हणजे माझे पती. सायकलीचा आणि त्यांचा तर अबोलाच आहे.

कळलं ते अमरनाथमामांमुळे. हे माझे सख्खे मामा, नांदेडला शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले, आणि त्यांचे कमरेएवढे उंच स्पीकर त्या फ्लॅटमध्ये मावणार नाहीत असं त्यांच्या सुनेनं न मोजताच सांगितलं. तेव्हा मामांनी ते स्पीकर, अँप्लिफायर आणि एका पेन ड्राइव्हमध्ये भरलेलं आयुष्यभराचं गाणं माझ्याकडे लातूरला पाठवून दिलं. फोनवर म्हणाले, "वर्षाराणी, पुण्याला जायच्या आधी एकदा येऊन ऐकून जाईन. खोलीत नीट वाजत असले तर तुझे. नसतील वाजत, तर अंगद घेऊन जाईल. त्याला गरज आहे."

अंगद माझा मावसभाऊ. त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. त्याच्या साउंडवर हळदीला नाचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी फोनवर काही सांगायचं असेल तर मेसेज करावा लागतो. ज्या स्पीकरांनी आयुष्यभर तानपुरा ऐकवला, ते त्याच्या पिकअपमध्ये उभे राहून वरातीत चाललेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

आणि मला त्यातलं एकच गाणं हवं होतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे गेलं की जेवणं झाल्यावर ते खिडक्या लावायचे आणि रेडिओवरून उतरवून घेतलेला शुद्ध सारंग लावायचे. आम्ही पोरं गार फरशीवर पडून ऐकायचो. गाणं कळत नव्हतं, पण शेवटाकडे लय वाढली की पोटात काहीतरी व्हायचं. रेणू झाल्यापासून तो सारंग मी फोनवर कितीतरी वेळा लावला, आणि विलंबित संपून द्रुत सुरू व्हायच्या आत दर वेळी रेणू उठली. पोरीला ताल कळतो की काय कोण जाणे. मला तो एकदा, फक्त एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा होता. हे कुणाला सांगावं तर हट्ट वाटतो, म्हणून मी सगळ्यांना "स्पीकर वाचवायचेत" एवढंच सांगत होते.

खोली रिकामी करून स्पीकर वर चढवले, सारंग लावला, आणि खोलीनं त्याचा काला केला. गवई एक स्वर लावायचा, खोली आधीचाच घोळत बसायची. तबला तर असा येत होता जणू शेजारच्या गल्लीत कुणीतरी गादी झोडपतंय.

मी घाबरट आहे, हे मान्य. रेणू झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. स्पीकर आल्या दिवशी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ते भिंतीला दोरीनं बांधले, तिच्या अंगावर पडू नयेत म्हणून. पण घाबरट माणसाला एक गोष्ट चांगली येते. तो बारीक बघतो. मी खोलीत बघायला लागले. खाली चकचकीत फरशी, वर सपाट स्लॅब, भिंतींना आरशासारखी पुट्टी. आम्ही ज्या ज्या गोष्टीचे जास्तीचे पैसे मोजले होते, ती प्रत्येक गोष्ट आवाज परत फेकत होती. मग मी एकेका कोपऱ्यात उभी राहून टाळी वाजवायला लागले. दाराजवळ टाळी "टप्प" यायची, खिडकीजवळ "टर्रर्र", आणि मधोमध उभं राहिलं तर चिमणी फडफडल्यासारखं काहीतरी. असं का होत असेल? इतकं नवल मला कॉलेजात फिजिक्सच्या तासाला वाटलं असतं तर आज मी वेगळ्याच ठिकाणी असते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी समोरच्या गच्चीवरून कावेरीकाकूंनी हाक मारली.

"वर्षा, टाळ्या कामून वाजवायलीस गं? वानरं आली का?"

"नाही काकू, खोली घुमते, ते बघतेय."

"घुमती?" काकू कठड्याला टेकल्या. 'घुमणे' या गोष्टीचा त्यांचा अनुभव माझ्याहून वेगळा असावा. "मग अंगारा लावून बघितलास का?"

संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या सगळ्या बायकांना आमच्या वरच्या खोलीची काळजी वाटू लागली होती.

रविकिरणनी फोनवर शोधून उपाय काढला. अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला लावायचे. "जगात सगळीकडे हेच करतात," असं ते म्हणाले. नांदेड रोडवरच्या एका ढाब्यावाल्यानं ट्रेंचा ढीग फुकट दिला, आणि भर दुपारी ते स्कूटरवर मागे-पुढे ट्रे बांधून सोसायटीत शिरले. आमच्या गल्लीत निम्मी घरं लिंगायतांची. कावेरीकाकूंच्या घरी तर केकसुद्धा आतलं विचारून खातात. काकू अंगणात शेंगा निवडत होत्या. त्यांनी ट्रे बघितले, माझ्याकडे बघितलं, कडेवरच्या रेणूकडे बघितलं.

"आमचं काय न्हाई बाई," त्या म्हणाल्या, "ज्याचं त्याचं खाणं. पन इतके?"

मी म्हटलं, "काकू, रिकामे आहेत."

"तेच म्हनायलीय मी. रिकामे झाले की."

काही खुलासे जितके करावेत तितके अंगाशी येतात. आठवडाभर आमच्याकडे कुणी वाटीत काही पाठवलं नाही. आणि ट्रे? चिकटपट्टीनं लावलेले ट्रे द्रुतपर्यंतही टिकले नाहीत. विलंबितातच एकेक निसटून पडू लागला. शेवटचा ट्रे रेणूनं चावून अर्धा केला, मी तिला घेऊन डॉक्टरकडे पळाले. डॉक्टर म्हणाले, कागदच आहे, काही होत नाही. खोलीच्याही बाबतीत त्यांचं मत बरोबर निघालं. कागदानं काही झालं नाही.

मग वाकळी टांगल्या. माझ्या सासूबाईंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या चांगल्या जाड वाकळी. थोडा फरक पडला, हे खरं. टाळीची चिमणी उडून गेली. पण खर्जातला आवाज कोपऱ्यात जाऊन बसायचा तो बसायचाच, आणि वाकळींच्या धुळीनं रेणू शिंकायला लागली. मी रात्रंदिवस तिच्या शिंका ऐकत बसले. वाकळी उतरवल्या.

अशा वेळी जळकोटहून माझे सासरे आले. व्यंकटराव त्यांचं नाव, आम्ही आप्पा म्हणतो. सोबत टेम्पो, टेम्पोत सोयाबीन.

लातूर भागात सोयाबीन काढलं की लगेच विकायचं नसतं, थांबायचं असतं. भाव वाढेल म्हणून थांबायचं, पडला की चढेल म्हणून थांबायचं. या थांबण्यात माणसं पहाटे उठून फोनवर बाजार बघतात, आणि घरात जिथे जागा असेल तिथे पोती असतात. दिवाणाखाली, जिन्यात, देवघरासमोर. आप्पांच्या गावच्या खोलीत उंदीर झाले होते.

"वरची खोली रिकामी हाय म्हनं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तिथं स्पीकर आहेत."

"त्यांला का भूक लागती का? न्हाई ना? मग राहूद्या की दोघं."

हमालांनी पोती वर नेली. मी रेणूला घेऊन दारात उभी. म्हटलं, संपलं. मामा आले की आडत दुकानात आल्यासारखं वाटेल त्यांना. हमाल गेले. मी सवयीनं टाळी वाजवली.

खोली काहीच बोलली नाही.

मी परत वाजवली. "टप्प." एकदाच. मी धावत जाऊन सारंग लावला, आणि तानपुरा अंगणात यावा तसा सरळ, स्वच्छ आला. कोपऱ्यात दडून बसलेला खर्ज पोत्यांनी पिऊन टाकला होता! त्या संध्याकाळी मी वाचलं आणि कळलं की जाड आवाज कोपऱ्यात साचतो, आणि तिथं काहीतरी जड, भरीव, पण सच्छिद्र ठेवलं की तो विरतो. बाहेरच्या देशात लोक यासाठी कापसाचे खांब विकत घेतात. आमच्याकडे सोयाबीन होतं.

मला मग थांबवेना. हे पोतं आडवं केलं तर? त्या कोपऱ्यात आणखी एक रचलं तर? आप्पांना मी कामाला लावलं.

"पोतं तिरपं कामून?" ते घामाघूम होऊन विचारायचे.

"आवाज आपटायला नको, आप्पा."

"इतकी वर्षं शेती करायलाव, पन पोत्याला कान असत्यात हे कुणी सांगितलं न्हाई बाबा." तरी ते रोज संध्याकाळी वर येऊन बसू लागले. गाण्यातलं त्यांना कळत होतं असं नाही. पण कुणी आलं की त्याला वर नेऊन सांगायचे, "ऐका. माझ्या सोयाबीनचा आवाज हाय हा."

हे ऐकायला एक दिवस शरणप्पाकाका आले. कावेरीकाकूंचे यजमान, निवृत्त मंडळ अधिकारी आणि आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. शासनानं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांच्या भाषेला केलं नाही. त्यांनी पोती बघितली, चष्मा काढला, परत लावला.

"वर्षाताई, सदर माल हा रहिवासी वापराच्या जागेत विनापरवाना साठवलेला दिसतोय."

"काका, हा माल नाही. हे आवाज शोषण्यासाठी आहे."

"शोषण?" काका दचकले. "प्रयोजन लेखी द्या."

मी लेखी दिलं. 'संगीतश्रवणाच्या सोयीसाठी सोयाबीन' असा विषय लिहून तीन परिच्छेद. ते त्यांनी कार्यकारिणीपुढे ठेवलं. कार्यकारिणीत ते, खजिनदार आणि नेहमी गैरहजर असणारे सिद्धलिंग गुरुजी. निर्णय असा झाला की प्रत्यक्ष पाहणी करावी. पाहणीला तिघंही आले, गुरुजीसुद्धा. मी टाळी वाजवून दाखवली, मग सारंग लावला. गुरुजी म्हणाले, "सुश्राव्य आहे." खजिनदारांनी पोत्यात हात घालून मूठभर दाणे बघितले आणि म्हणाले, "ओल जरा हाय." त्यावर आप्पा उठून उभे राहिले. ओलीवरून अर्धा तास वाद झाला. त्या वादात सारंगाचा द्रुत आला आणि गेला, मला कळलंही नाही. गाणं संपल्यावर खोलीत जी शांतता पडते तेवढीच माझ्या वाट्याला आली.

जाताना शरणप्पाकाका मागे रेंगाळले. मला वाटलं, आता पोती खाली उतरवा म्हणणार.

"ताई," ते हळूच म्हणाले, "आमची थोडी तूर हाय. त्या उत्तरेकडच्या कोपऱ्याला... आवाजाच्या दृष्टीनं... चालंल का?"

म्हटलं, आणा. तूर आणल्यावर तबल्याचा बायासुद्धा सुटा ऐकू येऊ लागला. तुरीबरोबर बारीक सोंडेकिडेही आले, ते रेणूच्या कानात तर गेले नाहीत ना म्हणून मी रोज टॉर्च लावून बघायचे. पण खोली तयार झाली. द्रुताच्या आत रेणू उठायची ती मात्र उठायचीच. मी मामांना फोन केला. "या. येळवशीला या."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं लातूर शेतात असतं. कडब्याच्या खोपटीवजा कोपीत पूजा करायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खायचे, झाडाखाली लवंडायचं. बाजार बंद, रस्ते मोकळे, हॉर्न नाही, भंगारवाला नाही. वर्षातला हा एकच दिवस लातूर गप्प असतं, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. रेणूला थोडी सर्दी आहे असं सांगून मी घरी राहणार, बाकीचे जळकोटला जाणार. रेणू दुपारी झोपेल, मामा आणि मी खिडक्या लावून बसू. सगळं जमवलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी भाव चढला.

आप्पांनी फोन बघितला आणि एकदम तरुण दिसायला लागले. तासाभरात टेम्पो दारात.

"आप्पा, एक दिवस थांबा ना. उद्या मामा येतायत."

"उद्या बाजार बंद. परवा भाव पडला तं?" मग माझं तोंड बघून ते विरघळले. पण विरघळून काय करणार? "वर्षा, मलाबी वाईट वाटायलंय गं. आवाज लई चांगला हुता सोयाबीनचा." आणि तो आवाज खांद्यावर टाकून हमाल जिना उतरले. शरणप्पाकाकांची तूर त्यांच्या मागोमाग गेली. मी रिकाम्या खोलीत टाळी वाजवली. खोलीला जुनं सगळं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे शेतात गेल्यावर मामा आले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चहा घेतला, रेणूच्या डोक्यावरून हात फिरवला, वर गेले, आणि दारातच त्यांनी टाळी वाजवली. मी काही सांगायच्या आधीच खोलीनं सांगून टाकलं.

"हं," मामा म्हणाले.

"मामा, कालपर्यंत इथं सोयाबीन होतं."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते वर्गात उत्तराऐवजी कारण सांगणाऱ्या मुलाकडे बघत असतील. तरी सारंग लावला. थोडा ऐकला. बंद केला. "अंगदला उद्या सकाळी ये म्हणतो. तुझा दोष नाही बाई. घरंच तशी बांधतात आता." त्यांनी अंगदला फोन लावला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. म्हणून पिकअप मला आधी दिसली.

अंगदची नव्हे, शरणप्पाकाकांची. त्यातून कावेरीकाकू उतरल्या, मागोमाग गल्लीतल्या बायका, सुना, एक-दोन सासवा. डोक्यावर पातेली, हातात आंबिलीचं मडकं.

"वर्षा!" काकूंनी खालूनच आवाज दिला. "लेकराला सर्दी म्हनून तू घरी. येळवशीला घरी कुणी बसतंय व्हय? म्हनलं चला, तिला भज्जी खाऊ घालून येऊ."

नको म्हणायची सोय नव्हती. खाली बैठकीत रेणू नुकतीच झोपलेली, म्हणून सगळ्या वर आल्या. सतरंजी टाकली. थंडीचे दिवस, प्रत्येकीच्या अंगावर शाल, स्वेटर. भिंतीला पाठ लावून त्या बसत गेल्या, आणि मी नुसती बघत राहिले. कारण पहिली बसली तेव्हा तिचं "बाई गं" दोनदा ऐकू आलं होतं. चौथीचं दीडदा आलं. शेवटी कावेरीकाकू कोपऱ्यात ऐसपैस टेकल्या, तेव्हा एकदाच.

मी टाळी वाजवली. "टप्प."

मामांनी फोन कानावरून खाली घेतला. त्यांनी वाजवली. "टप्प." मग सगळ्या बायकांनी वाजवल्या. त्यांना वाटलं आरती आहे.

"लाव," मामा म्हणाले.

पण खोली गप्प झाली म्हणून माणसं होत नाहीत. भज्जीत भुईमूग कमी का, कुणाच्या सुनेनं कोपीत पाय पुढे करून बसावं का, हे सगळं विलंबितात झालं. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता, खोलीच तशी झाली होती. मामांची भुवई चढत चालली. मी वाढत सुटले. भज्जी, खीर, तिळाची पोळी, वर आंबील. नको म्हणणारीच्या वाटीत आणखी आंबील. हेतू काय होता, ते माझं मलाच माहीत.

हळूहळू बोलणं मंद झालं. एक सासू भिंतीला कलली. तिची सून शालीत गुरफटली. कुणाची मान कुणाच्या खांद्यावर गेली. कावेरीकाकूंनी "जरा डोळे मिटते" म्हणून मिटले. खालून रेणूचा आवाज नाही. मी पायऱ्यांवरून डोकावून बघितलं, ती तोंड उघडं टाकून झोपलेली, श्वास चालू. मी परत आले आणि दाराशी फरशीवर बसले.

गवयानं समेवर येऊन क्षणभर दम घेतला. आणि द्रुत सुरू झाला.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बोट धरून बाजारातून नेणाऱ्या माणसानं एकदम पळायला लागावं, आणि आपल्यालाही पळता येतंय हे पळताना कळावं, तसं काहीसं. एकही तान दुसरीच्या अंगावर पडली नाही. लय वाढली, आणखी वाढली, आणि पोटात ते झालं. मी मामांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती.

गाणं संपलं. तानपुरा उगीच थोडा वेळ राहिला, मग तोही गेला. 

मामा सावकाश उठले, शालींमधून पाय जपून टाकत दारापाशी आले, आणि फोन लावला. "अंगद, येऊ नको रे... नाही, चांगले आहेत... जागा? जागा उत्तम आहे." फोन ठेवून माझ्याकडे वाकून ते कुजबुजले, "तुझे झाले. फक्त दर वेळी एवढ्या बायका जेवायला घालाव्या लागतील बघ."

"मामा, तेवढं एक सोडून काहीही सांगा," मी म्हणाले. "मला एकटीनं ऐकायचं असतं."

कोपऱ्यातून, डोळे न उघडता, कावेरीकाकू म्हणाल्या, "पुढल्या येळंला शेंगाच्या पोळ्या मी आणते. किती वाजता यायचं तेवढं सांग."